पहिल्यांदाच कोंबड्या पाळताय? मग पिल्लं सगळ्यात शेवटी आणा

नवरात्र संपून दिवाळी जवळ आली की मला चार-पाच फोन हमखास येतात आणि सगळ्यांचं बोलणं थोड्याफार फरकाने एकच असतं. "दादा, रविवारी वीस पिल्लं आणली, खोक्यात ठेवलीत, बल्ब पण लावलाय, तरी आज सकाळी तीन मेलेली, काय औषध देऊ?" औषध काही नसतं. बल्ब एलईडीचा असतो, खोकं चौकोनी असतं, खाली गुळगुळीत पेपर असतो आणि पिल्लं आल्यावर तीन तासांनी कुणाच्या तरी लक्षात आलेलं असतं की पाणी कशात ठेवायचं.

मी पण हेच केलंय, उगाच शहाणपणा नको. माझ्या पहिल्या २५ पैकी ११ पहिल्या आठवड्यात गेली, उरलेल्यातली चार मुंगसाने नेली. सगळं करून मला कळलेली गोष्ट एवढीच की कोंबडी पाळणं अवघड नाही, आपण क्रम उलटा करतो. आधी पिल्लं, मग खोकं, मग जाळी, मग लस कुठे मिळते ते शोधणं. क्रम सुलटा केला की निम्मे प्रॉब्लेम येतच नाहीत. म्हणून खाली ज्या नंबराने लिहिलंय त्याच नंबराने करा, मधला टप्पा "नंतर बघू" म्हणून सोडू नका.

## टप्पा १ : जागा, आकडा आणि महिना ठरवा

पहिल्या वेळी २० ते २५ पिल्लं घ्या. पाच-सहा घेऊ नका आणि शंभर तर अजिबात नको. हॅचरीतून (अंडी उबवून पिल्लं विकतात तिथून) मिळतात ती नर-मादी मिसळलेली असतात, म्हणजे २५ मधले साधारण अर्धे कोंबडे निघणार, एक-दोन मरणार, मग हातात १०-११ तलंगा (अंड्यावर न आलेल्या तरुण माद्या) राहतात. घरच्या अंड्यांना तेवढ्या भरपूर झाल्या.

जागेबद्दल स्पष्टच बोलतो. फ्लॅटच्या बाल्कनीत नको. सोसायटीच्या गच्चीवर ठेवायच्या असतील तर आधी कमिटीला विचारा, महापालिकेच्या हद्दीत असाल तर क्षेत्रीय कार्यालयातही चौकशी करा, पिल्लं आणल्यावर नाही, आधी. कोंबडा पहाटे चारला ओरडतो आणि समोरच्या विंगमधले काका साडेचारला तक्रार लिहायला बसतात. अंड्यासाठी कोंबडा लागत नाही हे पुष्कळ लोकांना माहीतच नसतं, कोंबडा फक्त अंड्यातून पिल्लं काढायची असतील तर लागतो. त्यामुळे वस्तीत राहत असाल तर कोंबडे मोठे झाले की काढून टाकायचे हे आत्ताच ठरवा.

दुसरा प्रकार म्हणजे पुण्याजवळ मुळशी-पानशेत साइडला प्लॉट घेतलेली मंडळी, जी शनिवार-रविवारीच तिथे जातात. तिथे रोज राहणारं, हाताने पाणी बदलणारं माणूस नसेल तर पाळू नका. ऑटोमॅटिक ड्रिंकर, कॅमेरा वगैरे सगळं करून बघितलेत लोक. एप्रिलमध्ये पाण्याचा पाइप एक दुपार तुंबला की शुक्रवारी कॅमेऱ्यात सगळ्या आडव्या दिसतात.

महिना : पुण्यात पहिली बॅच पावसात घेऊ नका. जुलै-ऑगस्टमध्ये तूस वाळत नाही, लिटर (खाली पसरलेलं तुसाचं अंथरूण) ओलं राहतं आणि रक्ती हगवण लागते. एप्रिल-मे पण नको, पारा चाळिशीला जातो आणि नवखा माणूस गोंधळतो. सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर किंवा मग फेब्रुवारी. ऑक्टोबरमध्ये घेतलीत तर एक लक्षात ठेवा, दिवाळीचे फटाके. मोठा आवाज झाला की पिल्लं एका जागी ढीग करून चढतात आणि खालची गुदमरतात. त्या चार रात्री शेडला पडदे सोडून आत मंद दिवा चालू ठेवा, एकदम काळोख नको.

## टप्पा २ : खुराडं आधी पूर्ण करा, अगदी कडी-कोयंड्यासकट

"पिल्लं लहान आहेत तोवर घरात ठेवू, दोन महिन्यांत खुराडं बांधू." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. दोन महिन्यांत काही बांधून होत नाही, सहाव्या आठवड्यात पिल्लं खोक्यातून उड्या मारायला लागतात आणि मग घाईघाईत प्लायवूड आणि ताडपत्रीचं काहीतरी उभं राहतं.

मापं सोपी आहेत. मोठ्या कोंबडीला आत निदान २ चौरस फूट, म्हणजे १२ कोंबड्यांना ४ बाय ६ हे कमीत कमी, ६ बाय ८ केलंत तर तुम्हालाच झाडायला बरं. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवायची म्हणजे ऊन थेट आत घुसत नाही. पुण्यात पावसाची झड पश्चिमेकडून येते, तिकडची आखूड बाजू भिंतीने बंद करा, बाकी बाजूंना खाली दीड-दोन फूट भिंत आणि वर जाळी. पत्रा भिंतीच्या बाहेर तीन फूट तरी यायला पाहिजे, झड आत आली की संपलं. हवा वरून खेळती हवी, नाहीतर पावसाळ्यात आत डोळे चुरचुरतात.

आता जाळी. इथे पैसे वाचवू नका. षटकोनी भोकांची जी पातळ जाळी 'चिकन मेश' म्हणून मिळते ती कोंबडी आत ठेवायला आहे, मुंगूस बाहेर ठेवायला नाही. भटकं कुत्रं ती दातांनी फाडतं, मी बघितलंय. अर्ध्या इंचाची वेल्डमेश (तारा वेल्ड केलेली चौकोनी भोकांची जाड जाळी) घ्या, पुण्यात बोहरी आळीत रोलवर मिळते, चार दुकानं फिरा. जाळी जमिनीपाशी संपवायची नाही, बाहेरच्या बाजूने एक फूट जमिनीत आडवी पुरायची, वर दगड. घूस आणि मुंगूस भिंतीच्या कडेनेच उकरतात.

आत बसायला बांबू, जमिनीपासून दोन फूट उंच, कोंबडीमागे ८ इंच धरा. अंडी घालायला फूटभर लांबी-रुंदीचे खोके, चार-पाच कोंबड्यांत एक. हे खोके बांबूपेक्षा खाली ठेवा, नाहीतर त्या रात्री खोक्यातच झोपतात आणि सगळं घाण करतात.

चेक : रात्री शेडमध्ये मोठा टॉर्च लावून ठेवा, दार बंद करा आणि बाहेरून चारी बाजूंनी बघा. जिथून उजेड येतोय आणि अंगठा जातोय ते भोक आजच बुजवायचं. दाराला नुसती कडी चालणार नाही, कुत्रं नाकाने उचलतं. कडीत खिळा किंवा कुलूप.

## टप्पा ३ : कोणती जात, कुठून

सगळ्यांना कडकनाथ पाहिजे असतो. पहिल्या वेळी नको. महाग, अंडी कमी, आणि शिकताना मेला तर जास्त दुखतं.

सुरुवातीला सुधारित गावरान टाइप घ्या. ग्रामप्रिया अंड्यासाठी चांगली, वनराजा अंगाने भरते म्हणून अंडी आणि मटण दोन्ही, या दोन्ही हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने काढल्यात. गिरीराज बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची, ती पण आपल्याकडे चांगली रुळलीय. ग्रामप्रिया वर्षाला दीडशेच्या पुढे अंडी देते, वनराजा आणि गिरीराज त्याहून कमी, अस्सल गावरान ६०-८० देते पण स्वतःची काळजी स्वतः घेते, घार दिसली की पिल्लांना घेऊन झुडपात. वनराजा तेवढी चपळ नाही, बघत बसते.

खडकीला पशुसंवर्धन विभागाचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे, तिथे आधी चौकशी करा, आयत्या वेळी जाऊन पिल्लं मिळतीलच असं धरू नका. खाजगी हॅचरी पण आहेत. कुठूनही घ्या पण तीन प्रश्न विचारा : पिल्लं कोणत्या तारखेची, मरेक्सची (पाय लुळे पाडणारा विषाणूचा रोग) लस दिलीय का, आणि जात नक्की कोणती. मरेक्सची लस पहिल्या दिवशी हॅचरीतच देतात, ती नंतर आपण घरी देऊन उपयोग नाही. गडबडून उत्तर देत असतील तर दुसरीकडे जा.

आणि ती गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं, जत्रेत किंवा सिग्नलला टोपलीत घेऊन बसतात, ती घेऊ नका. लेयर (अंड्याच्या कोंबड्यांच्या) हॅचरीतले नको असलेले नर असतात बहुतेक. पोरं रडतात, माहितीय. तरी नको.

## टप्पा ४ : ब्रूडर (इथेच सगळी जातात)

पिल्लाला पहिले तीन-चार आठवडे स्वतःच्या अंगाची ऊब धरता येत नाही. कोंबडीच्या पंखाखाली जे होतं ते आपल्याला बल्बने करायचंय, त्या उबदार जागेलाच ब्रूडर म्हणतात, बस. पण हा टप्पा नीट वाचा, कारण माझी ११ इथेच गेली.

जागा गोल पाहिजे. पत्रा, जाड पुठ्ठा, जुन्या चटईची पट्टी, काहीही चालेल, उंची दीड फूट. २५ पिल्लांना चार फूट व्यासाचं वर्तुळ बरोबर होतं. चौकोनी खोक्यात पिल्लं थंडीने किंवा भीतीने कोपऱ्यात घुसतात, एकावर एक चढतात, सकाळी कोपऱ्यात चार चपटी. गोलात कोपराच नाही. खोकंच वापरायचं असेल तर चारी कोपरे पुठ्ठा वाकवून गोल करा.

खाली भाताचं तूस, दोन-तीन इंच. कामशेत, भोर साइडच्या राइस मिलमध्ये पोत्याने मिळतं. लाकडाचा बारीक भुसा नको, पिल्लं तोच खातात. तुसावर पहिले तीन दिवस काहीतरी खरखरीत अंथरा, गोणपाट किंवा खोक्याचा नालीदार पुठ्ठा, म्हणजे ती तूस खात बसत नाहीत. नुसता वर्तमानपत्राचा कागद नको, सगळे तोच टाकतात. त्यावर पाय सटकतात आणि दोन दिवसांत पाय फाकलेलं पिल्लू तयार होतं, ते पुढे उभं राहत नाही.

ऊब. एलईडी बल्ब उजेड देतो, गरमी देत नाही. जुन्या पद्धतीचा तारेचा पिवळा बल्ब लागतो, आता प्रत्येक दुकानात नसतो, आधी शोधून ठेवा. पिल्लामागे २ वॅट धरा, पुण्याच्या नोव्हेंबर-डिसेंबरच्या रात्रीला ४. म्हणजे २५ पिल्लांना ६० वॅटचे दोन बल्ब. एकच १०० चा का नाही? कारण तो रात्री दोनला उडतो. दोन असले की एक उडाला तरी सकाळपर्यंत निभावतं. बल्ब तुसापासून फूट-दीड फुटावर टांगा, वायरवर नाही, साखळीवर किंवा तारेवर, आणि बल्बभोवती जाळी. तूस पेटायला वेळ लागत नाही.

तापमान थर्मामीटरने बघायचं, हाताने नाही. पिल्लाच्या पाठीच्या उंचीला, बल्बच्या उजेडाच्या कडेला धरा :
- पहिला आठवडा ३५ अंश
- दुसरा ३२
- तिसरा २९
- चौथा २६-२७, मग दिवसा बल्ब बंद, रात्री गरज बघून

थर्मामीटरपेक्षा पिल्लं जास्त खरं सांगतात. बल्बखाली गर्दी करून चिवचिव ओरडतायत म्हणजे थंडी वाजतेय, बल्ब खाली घ्या. बल्बपासून लांब कडेला, चोच उघडी, पंख सैल म्हणजे उकडतंय, वर घ्या. सगळी एकाच बाजूला म्हणजे दुसऱ्या बाजूने वारं लागतंय. सगळीकडे पसरलेली, काही झोपलेली काही खातायत, आवाज मंद, असं दिसलं की तुम्ही पण झोपा.

सावधान : लाइट जाणार हे धरूनच चला, पुण्यात गुरुवार तर दुरुस्तीसाठी हक्काचा. इन्व्हर्टर नसेल तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून आत ठेवायच्या आणि वरून गोणपाट, एक बाजू उघडी. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका, तिच्या विषारी वायूने पिल्लं मरतात आणि त्यांच्यापाशी झोपलेलं माणूससुद्धा मरू शकतं.

चेक : पिल्लं येण्याच्या आदल्या दिवशी ब्रूडर पूर्ण २४ तास चालवून बघा. पहाटे पाच वाजता उठून थर्मामीटर बघा, दुपारचा आकडा काही कामाचा नाही. पहाटे ३५ आला तरच हॅचरीला फोन करून "उद्या येतो" म्हणायचं.

## टप्पा ५ : आणायचा दिवस

सकाळी लवकर आणा. भोकं असलेलं खोकं, खाली गोणपाट. टू-व्हीलरवर पुढे पायाशी ठेवून कात्रज बोगद्यातून वारा खात आणू नका, रिक्षा करा किंवा कुणाची तरी चारचाकी मागा.

घरी आल्यावर क्रम असा. आधी पाणी, मग खाद्य. पाणी कोमट, लिटरला साधारण ५० ग्रॅम गूळ, फक्त पहिल्या दिवशी. प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्यात बुडवायची, नुसतं टोक, नाकपुड्या नाहीत, आणि मोजत मोजत आत सोडायचं. एकाने प्यायलं की बाकीची बघून शिकतात असं म्हणतात, ते खरंय, पण पंचविसातल्या दोघांना नाही शिकता येत आणि तीच दोन मरतात. दोन-तीन तासांनी खाद्य, पहिल्या दिवशी ताटलीत आणि थोडं गोणपाटावर पसरून. वाटीत पाणी ठेवायचं असेल तर आत खडे टाका, पिल्लं इंचभर पाण्यात बुडून मरतात. १०० रुपयांच्या आसपास प्लास्टिकचा चिक ड्रिंकर मिळतो, तोच घ्या ना.

चेक : त्या रात्री झोपण्याआधी दहा पिल्लं हातात घेऊन गळ्याखालची पिशवी चाचपा. भरलेली आणि मऊ पाहिजे. रिकामी असेल तर त्याला खाद्य सापडलेलं नाही. कडक असेल तर खाल्लंय पण पाणी प्यायलेलं नाही. ही दोन मिनिटं कुणीच घालवत नाही आणि मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी "एकदम मरायला लागली" असा फोन. एकदम नाही मरत. पिल्लाच्या पोटात अंड्यातला बलक शिल्लक असतो, त्यावर ते दोन-तीन दिवस काढतं, उपाशी असूनही ठीक दिसतं, आणि तो संपला की मान टाकतं.

रोज एकदा ढुंगण पण बघायचं. विष्ठा चिकटून भोक बंद झालं की पिल्लू मरतं. कोमट पाण्याच्या कापसाने भिजवून काढा, ओढू नका, कातडी निघते.

## टप्पा ६ : लसी

"आपली पंचवीसच आहेत, लस कशाला?" मानमोडी (राणीखेत रोग) आली की मोजत बसत नाही, आठवडाभरात खुराडं साफ. त्यावर उपचार नाही.

साधारण वेळापत्रक, तुमच्या पशुवैद्यकाने बदल सांगितला तर त्यांचं ऐका :
- ५ ते ७ वा दिवस : लासोटा (मानमोडीची लस), डोळ्यात किंवा नाकात एक थेंब
- १२ ते १४ वा दिवस : गंबोरो (याच नावाच्या विषाणूच्या रोगाची लस)
- २१ ते २८ वा दिवस : लासोटा पुन्हा, आणि गंबोरोचा बूस्टर
- ६ ते ८ आठवडे : देवीची लस
- ८ आठवड्यांनंतर : आर-टू-बी (हीसुद्धा मानमोडीचीच), हे इंजेक्शन डॉक्टरांकडूनच

इथे होणाऱ्या चुका तीन. पहिली, लस दुकानातून खिशात आणणं. ती २ ते ८ अंशात राहिली पाहिजे, बर्फ भरलेला थर्मास घेऊनच दुकानात जा, दुकानदार फ्रीजमधून न काढता काउंटरवरची देत असेल तर घेऊ नका. दुसरी, पातळ केलेली लस दुसऱ्या दिवसासाठी ठेवणं. दोन तासांत संपवायची, उरली तर उकळून फेकायची. तिसरी, लस नळाच्या पाण्यातून देणं. नळाला क्लोरीन असतं, पिल्लांना प्यायला ते बरंच आहे पण लस जिवंत विषाणूची असते, क्लोरीनमध्ये ती मरते आणि तुम्हाला वाटतं लस झाली. पाण्यातून द्यायची वेळ आली तर उकळून गार केलेलं पाणी, लिटरला ५ ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर, भांडं प्लास्टिकचं, आणि आधी दोन तास पिल्लं तहानलेली. थेंबाचंच काम चांगलं, २५ पिल्लांना किती वेळ लागतो.

लसीची बाटली निदान शंभर डोसची येते. आसपास अजून दोघं पाळणारे शोधा आणि एकाच दिवशी लस करा. आजारी, पेंगणाऱ्या पिल्लांना त्या दिवशी लस नको.

## टप्पा ७ : खाद्य

थोडक्यात सांगतो कारण दुकानात पोत्यावर लिहिलेलं असतं. पहिले ८ आठवडे चिक स्टार्टर, मग १८ आठवड्यांपर्यंत ग्रोअर, मग लेयर. बदलताना चार-पाच दिवस अर्धं-अर्धं मिसळून.

पिल्लांना लेयरचं खाद्य देऊ नका, "एकच पोतं सगळ्यांना" हा हिशोब महागात पडतो. लेयरमध्ये अंड्याच्या कवचासाठी कॅल्शियम भरपूर असतं, पिल्लाची किडनी त्याने खराब होते. उलट, अंडी देणारीला ग्रोअर किंवा नुसता तांदूळ-बाजरी दिली की कवच पातळ येतं. शिंपल्याचा चुरा वेगळ्या डब्यात ठेवा, जिला पाहिजे ती खाईल.

मोठी कोंबडी दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाते, म्हणजे १० कोंबड्यांना ५० किलोचं पोतं साधारण दीड महिना. त्यापेक्षा लवकर संपतंय म्हणजे उंदीर खातायत. पोतं भिंतीला चिकटवून किंवा फरशीवर ठेवू नका, खाली लाकडी फळी. पावसाळ्यात खाद्याला कुबट वास आला, गुठळ्या झाल्या की टाकून द्या, वाळवून घालू नका, बुरशीचं विष उन्हाने जात नाही.

घरातलं उरलंसुरलं द्यायला हरकत नाही पण चमचाभर, जेवण म्हणून नाही. मेथी-कोथिंबिरीचे देठ, शेवग्याचा पाला बेस्ट. फरसाण, बाकरवडीचा चुरा, लोणचं बिलकुल नाही. मीठ जास्त झालं की कोंबडी मरते आणि आजी म्हणते दृष्ट लागली.

## टप्पा ८ : लिटर, बाहेर सोडणं, ऊन आणि पाऊस

लिटर रोज काडीने हलवायचं. मूठभर उचलून दाबा, उघडल्यावर सुटं पडलं तर ठीक, गोळा झाला तर ओलं आहे. पाण्याच्या भांड्याभोवतीचं ओलं रोज काढून कोरडं टाका. बसून आपल्या नाकाला झोंबलं तर तिला दिवसभर झोंबतंय, उभं राहून वास घेऊ नका, कोंबडीच्या उंचीला वाका. ओल्या लिटरवर तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना रक्ती हगवण लागते. विष्ठेत रक्त, पिसं फुललेली, कोपऱ्यात उभी. हे दिसलं की त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, यावर औषध आहे पण उशीर चालत नाही.

सहा आठवड्यांनंतर, अंगावर पूर्ण पिसं आल्यावर, बाहेर सोडा. पहिले चार दिवस संध्याकाळी तासभरच, म्हणजे अंधार पडला की स्वतःहून आत येतात आणि घर ओळखतात. सकाळी सोडलीत तर संध्याकाळी तुम्ही पेरूच्या झाडाखाली फांदीवरच्या कोंबड्या मोजत बसाल.

उन्हाळ्यात दुपारी ११ ते ४ खाद्य उचलून ठेवा, पहाटे आणि संध्याकाळी द्या. पचनाने अंग अजून तापतं. जाळीला ओली गोणपाटं, पाणी सावलीत, दोन ठिकाणी, दुपारी एकदा बदलून. काळ्या टाकीचं पाणी मे महिन्यात चहाएवढं गरम येतं, ते कोंबडी पीत नाही.

नवीन कोंबडी विकत आणली, पाहुण्याने दिली, तर तिला निदान तीन आठवडे वेगळी ठेवा. आधी जुन्यांना दाणा-पाणी, मग नवीला, उलट नाही. माझ्याकडे देवी अशीच आली होती, मामांनी प्रेमाने दिलेल्या कोंबड्याबरोबर.

सावधान : दोन दिवसांत बऱ्याच कोंबड्या पटापट मेल्या तर कापू नका, कुणाला देऊ नका, नाल्यात टाकू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. औंधला रोग अन्वेषण विभागाची प्रयोगशाळा आहे, डॉक्टर सांगतील तसं मेलेली कोंबडी दोन पिशव्यांत, बर्फात, त्याच दिवशी पाठवतात. डीप फ्रीजरमध्ये टाकू नका, तपासता येत नाही. आणि "मेडिकलमधून एक अँटिबायोटिक आणून पाण्यात टाकलं" हे तर करूच नका. डॉक्टरांनी औषध दिलं असेल तर किती दिवस अंडी खायची नाहीत तेही विचारून घ्या.

## टप्पा ९ : अंडी

सुधारित जाती २० ते २४ आठवड्यांत सुरू होतात, गावरान त्याहून उशिरा. तुरा लाल झाला, पाठीवर हात ठेवला की खाली बसायला लागली, की दोन आठवड्यांत अंडं. खोक्यात एक खोटं अंडं किंवा पांढरा बॉल ठेवा, बघून तिथेच घालतात. पहिली अंडी लहान असतात, एखादं बलकाशिवायचं पण येतं, घाबरू नका.

थंडीत अंडी कमी झाली की लोक खाद्य बदलतात. प्रॉब्लेम बहुतेक उजेडाचा असतो. अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला निदान १४ तास उजेड लागतो, पुण्यात डिसेंबरमध्ये दिवस ११ तासांचा. पहाटे चारला टायमरने बल्ब लावा, इथे एलईडी चालतो. संध्याकाळी वाढवू नका, बल्ब एकदम बंद झाला की त्या अंधारात खालीच राहतात, बांबूवर चढत नाहीत. आणि तलंगा १८ आठवड्यांच्या व्हायच्या आत उजेड वाढवू नका, लहान अंगाने अंड्यावर येतात आणि अंडं अडकतं.

अंडी दिवसातून दोनदा उचला, धुऊ नका, घाण लागली असेल तर कोरड्या फडक्याने पुसा. फुटलेलं अंडं लगेच काढा. एकीला चव लागली की बाकीच्याही शिकतात, आणि मग त्या कोंबडीला ताटात घेण्याशिवाय दुसरा उपाय मला तरी सापडलेला नाही.

दुसरी बॅच आणायची झाली की जुन्या शेडमध्ये मोठ्यांच्या बाजूला ब्रूडर लावू नका. वेगळी जागा, नाहीतर शेड रिकामं करा, तूस सगळं बाहेर, खरवडून धुवा, चुना मारा, १५ दिवस उन्हाला उघडं ठेवा. ते जुनं तूस खत म्हणून भारी आहे पण दोन-तीन महिने कुजवल्याशिवाय झाडाला घालू नका, माझा तीन वर्षांचा कढीपत्ता चार दिवसांत जळला.